जुने विहंगम नगरनकाशे आणि रंगाचा वाद : पार्श्वभूमी

युरोपात छापलेल्या जुन्या विहंगम नगरनकाशांत, म्हणजे पक्ष्याच्या नजरेनं वरून शहर दाखवणाऱ्या चित्रांत, कोल्हापूरच्या संग्राहकाला आपल्या मुलखाजवळचं शहर सापडतं ते गोवा. जर्मनीतल्या कोलोनमध्ये १५७२ ते १६१७ या काळात सहा खंडांत निघालेल्या नगरसंग्रहात हिंदुस्थानातली गोवा, दीव, कालिकत, कन्नूर अशी बंदरंच आहेत. घाटावरचं एकही शहर नाही.

ही दृश्यं कुणी आकाशातून पाहिलेली नव्हती. आराखडा तिरपा करून त्यावर तट, घरं, मनोरे उभे केले जात. १५०० सालचं व्हेनिसचं दृश्य सहा लाकडी ठोकळ्यांवर कोरलं होतं. नंतर तांब्याच्या प्लेटवर बारीक रेघ साधली. उलटं कोरायचं, शाई भरून वरचा भाग पुसायचा आणि ओलसर कागद ठेवून रुळांतून दाबून काढायचं. प्लेटच्या कडेचा दाब कागदावर बोटाला लागतो. तांबं मऊ, त्यामुळे छापून छापून रेघा फिक्या पडत आणि पुन्हा कोरल्या जात. सतराव्या शतकाच्या मध्याला कोलोनच्या संग्रहाच्या प्लेटा अॅम्स्टरडॅमला गेल्या, तिथेही त्यांवरून छपाई झाली.

खरा वाद रंगाचा : साधं राहिलेलं पान आज रंगवावं की नाही. छपाई काळ्या शाईचीच. रंग हातानं भरलेला. काही प्रती त्या काळीच रंगवून विकल्या गेल्या, पुष्कळ साध्याच राहिल्या. विसाव्या शतकात ग्रंथ उसवून पानं सुटी विकली जाऊ लागली. भिंतीवर रंगीत पान उठून दिसतं, म्हणून साधी पानंही रंगवली गेली. रंगवणं ही जुनीच रीत, असं समर्थक म्हणतात. ते खरं आहे, पण आजचा रंग जुना म्हणून खपतो आणि पुन्हा निघत नाही. कोल्हापुरात हात चांगला असलेले चित्रकार भरपूर, तरीही साधं पान साधंच ठेवावं.

पारखायचं तर पान उलटं करा. जुन्या हिरव्या रंगात बहुधा तांबं असे. त्यानं कागद मागून तपकिरी होतो, पुढे तडकतो. मागची बाजू स्वच्छ असेल तर तेवढ्यावरून रंग नवा ठरत नाही. हिरव्याचे प्रकार अनेक होते. मग मधली घडी बघा : नवा रंग घडीच्या जुन्या चिरांत उतरून गडद रेघ धरतो.

हिरव्या रंगानं तपकिरी झालेलं पान धुवायला देऊ नये, कागद तिथेच फाटतो. फ्रेममध्ये पाठीला प्लायवूड किंवा हार्डबोर्ड नको, आम्लरहित पुठ्ठा हवा. काच आणि कागदात माउंटची, म्हणजे चौकटीसारख्या कापलेल्या पुठ्ठ्याची, फट ठेवावी. नाहीतर पावसाळ्यात ओल धरून तांबूस ठिपके उठतात. लॅमिनेशन तर कधीच करू नये.