विमान-छायाचित्रण, हौशी (कोकण किनारा)

विमान-छायाचित्रण, हौशी : विमानतळाच्या आसपास थांबून उतरणाऱ्या व उडणाऱ्या विमानांची छायाचित्रे घेण्याचा आणि त्यांच्या नोंदी ठेवण्याचा छंद. छांदिष्टांत ‘स्पॉटिंग’ हाच शब्द रूढ आहे. भारतीय विमानावरचा ‘व्हीटी’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक स्वच्छ वाचता आला, तरच फोटो जमला असे मानतात.

उगमाविषयी दोन मते आहेत. एका मताने दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये शत्रूची विमाने आकारावरून ओळखणाऱ्या नागरी निरीक्षकांकडून हा छंद आला. दुसऱ्याने तो रेल्वे इंजिनांचे क्रमांक टिपण्याच्या छंदाची शाखा होय. क्रमांकांची वही दुसऱ्या मताला पोषक असली, तरी पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. तसे असल्यास आज संशय ओढवून घेणारी ही सवय मुळात पहाऱ्याचीच होती.

कोकणात संशयाला स्थानिक कारणे आहेत. १९९३ मध्ये श्रीवर्धनजवळ शेखाडीला स्फोटके उतरली, २००८ मध्ये मुंबईचे हल्लेखोर समुद्रातून आले. तेव्हापासून किनाऱ्यावर अनोळखी माणूस व उपकरणे यांवर गावाचीही नजर असते, आणि ते योग्यच आहे. शिवाय गोव्यातील दाबोळीला प्रवासी विमाने वापरतात ती धावपट्टी नौदलाच्या आयएनएस हंसा तळाची. दुपारी खारे वारे सुटले, की विमाने पूर्वेकडून उतरतात आणि समुद्राकडे झेपावतात. त्या क्षणी लांब लेन्समध्ये प्रवासी विमानामागे लढाऊ विमानही येऊ शकते.

कायद्याचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे. विमान नियम, १९३७ मधील नियम १३ शासकीय विमानतळावर व उडत्या विमानातून लेखी परवानगीवाचून छायाचित्रणास मनाई करतो. ‘विमानतळावर’ या शब्दात कुंपणाबाहेरचा रस्ता येतो काय? शब्दशः वाचल्यास येत नाही. मात्र शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ चे कलम ३ प्रतिबंधित जागेच्या ‘परिसरात’ असण्यापर्यंत पोहोचते. त्याला राज्याच्या सुरक्षिततेस बाधक हेतू लागतो. पण तो हेतू परिस्थितीवरूनही अनुमानता येतो. छांदिष्टाची खरी अडचण इथे आहे, कारण मोठी लेन्स, वेळा लिहिलेली वही व तासन्‌तास एका जागी थांबणे ही छंदाची साधने आणि संशयाची लक्षणे एकच. २००१ मध्ये ग्रीसमधील कालामाता येथे ब्रिटिश व डच छांदिष्टांवर हेरगिरीचा आरोप आला. अपिलात ते निर्दोष ठरले. छंदासाठी हद्द आखलेली, फलक लावलेली जागा छांदिष्ट व पहारेकरी या दोघांच्याही सोयीची ठरेल.

सिंधुदुर्गातील चिपी (२०२१) व गोव्यातील मोपा (उद्‌घाटन २०२२) हे नवे विमानतळ कातळसड्यांवर (खडकाळ पठारांवर) आहेत. रत्नागिरीला तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे.

दाबोळीजवळ बोगमाळो येथील नौदल विमान संग्रहालयात जुनी विमाने उघड्यावर उभी आहेत. तीन उभ्या शेपट्यांचे सुपर कॉन्स्टेलेशन तेथे हाताच्या अंतरावरून पाहता येते.