पीसीओएस असेल तर थायरॉइडच्या अँटीबॉडीही तपासा

पाळी दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस येतात, वजन वाढतच जातं. ही पीसीओएसची, म्हणजे अंडाशय आणि हार्मोनचं गणित बिघडवणाऱ्या पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोमची लक्षणं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या एका पाहणीत १५ ते २४ वयाच्या मुलींमध्ये पीसीओएसचं प्रमाण रॉटरडॅम या निदानाच्या प्रचलित निकषांनुसार २२.५ टक्के निघालं. निकष कडक लावले तर १०.७ टक्के. कमीचा आकडा धरला तरी दहातली एक मुलगी!

अशा मुलीची सोनोग्राफी होते, साखर आणि टेस्टोस्टेरॉन तपासलं जातं. थायरॉइडच्या अँटीबॉडी मात्र बऱ्याचदा राहून जातात. त्या राहू नयेत, असं मला कळकळीने वाटतं.

अँटीबॉडी ही रोगजंतूंना चिकटणारी प्रथिनं. कधी कधी ती आपल्याच शरीरातल्या प्रथिनांवर उलटतात. थायरॉइड ग्रंथीत टीपीओ नावाचं एन्झाइम असतं, त्याशिवाय तिचं हार्मोन बनत नाही. रक्तात टीपीओविरुद्ध अँटीबॉडी सापडल्या, तर ग्रंथीचं काम पुढेमागे मंदावण्याची शक्यता वाढते. आणि थायरॉइड मंदावलं की पुन्हा तेच: अनियमित पाळी, वाढतं वजन, गळणारे केस. सगळा दोष पीसीओएसच्या माथी जातो आणि थायरॉइड तसंच राहतं.

जर्मनीतल्या संशोधकांनी २००४ साली पीसीओएस असलेल्या १७५ आणि नसलेल्या १६८ स्त्रियांचं रक्त तपासलं. पहिल्या गटात २६.९ टक्के जणींमध्ये थायरॉइडविरोधी अँटीबॉडी वाढलेल्या होत्या, दुसऱ्या गटात ८.३ टक्के. म्हणजे तिपटीहून जास्त.

असं का होत असावं? अंडं बाहेर पडल्यावरच अंडाशयात भरपूर प्रोजेस्टेरॉन तयार होतं आणि ते प्रतिकारशक्तीला आवर घालतं. पीसीओएसमध्ये महिनोन् महिने अंडं बाहेर पडत नाही. इस्ट्रोजेन असतं, पण त्याच्या जोडीचं प्रोजेस्टेरॉन तोकडं पडतं. हा अजून तर्कच आहे, पण मला तो पटतो.

दुसरा धागा थेट मेंदूकडे जातो. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातून जीएनआरएच हे हार्मोन ठेक्याने सुटतं. ठेका जलद झाला की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच हे अंडाशयाला चालना देणारं हार्मोन जास्त सोडते आणि अंडाशयात पुरुषी हार्मोन वाढतात. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा विद्यापीठाच्या संशोधकांना पीसीओएस असलेल्या काही स्त्रियांच्या रक्तात जीएनआरएचच्या ग्राहीला (पेशीवरच्या, हार्मोन जिथे बसतं त्या जागेला) चिकटून त्याला चेतवणाऱ्या अँटीबॉडी आढळल्या. ग्रेव्हज या थायरॉइड अतिवेगाने चालण्याच्या आजारात अँटीबॉडी असंच करतात, हे डॉक्टरांना जुनंच ठाऊक आहे. सगळ्यांचा पीसीओएस यातून येतो असं मुळीच नाही, आणि ही तपासणी अजून संशोधनापुरतीच आहे.

अँटी-टीपीओ, म्हणजे टीपीओविरुद्धच्या अँटीबॉडीची तपासणी, मात्र मुंबईत परळ-दादरच्या साध्या लॅबमध्येही होते. रिपोर्टमध्ये आकडा ठळक छापून आला की पोटात गोळा येतो. पण शेजारची मर्यादा आधी बघा. ती प्रत्येक लॅबच्या पद्धतीनुसार बदलते, म्हणून दादरचा आकडा ठाण्याच्या आकड्याशी ताडून पाहू नये. सोबतचं टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं पिट्युटरीचं हार्मोन) नॉर्मल असेल, तर नुसत्या अँटीबॉडीसाठी सहसा गोळी लागत नाही. ब्रिटनमध्ये ९५२ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा स्त्रियांना गर्भधारणेआधीपासून थायरॉक्सिन (थायरॉइडच्या हार्मोनची गोळी) देऊनही मूल होण्याचं प्रमाण वाढलं नाही. टीएसएच मात्र अधूनमधून बघत राहावं लागतं, आणि दिवस राहिले की पहिले काही महिने साधारण दर चार आठवड्यांनी.