लॅपटॉप लॉक झालाय? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

नाशिकमध्ये लॅपटॉप उघडेनासा झाला की पाय आपोआप एम. जी. रोडवरच्या दुरुस्तीच्या दुकानांकडे वळतात. ‘फॉरमॅट मारून घ्या, संध्याकाळपर्यंत होईल’ हा सल्ला ऐकून आपणही मान डोलावतो. लॅपटॉप सुरू होतो, पण टॅलीचा डेटा आणि लेकरांचे फोटो जातात. त्यामुळे आधी स्क्रीन काय मागतेय ते नीट वाचा, मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा.

विंडोजचा लॅपटॉप पिन मागत असेल तर काम सोपं आहे. पिन फक्त त्या एका लॅपटॉपपुरता असतो. इंटरनेट जोडून ‘आय फरगॉट माय पिन’ दाबा, मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड टाका आणि नवा पिन ठेवा. पासवर्डच आठवत नसेल तर तो मोबाइलवरून बदलता येतो. खात्याला जोडलेल्या नंबरवर किंवा ईमेलवर कोड येतो.

तो नंबर केव्हाच बंद झालेला असतो, ही खरी गोची. मग खातं परत मिळवण्याचा ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. त्यात जुने पासवर्ड विचारतात, आणि आउटलुक किंवा हॉटमेलचं खातं असेल तर अलीकडे कोणाला, कोणत्या विषयाचे मेल पाठवले तेही. आठवेल तेवढं सगळं लिहा. अर्ज घरच्या वायफायवरून, नेहमीच्या मोबाइलवरून भरा. सायबर कॅफेतून नको. उत्तर साधारण 24 तासांत येतं, आणि अर्ज दिवसातून दोनदाच करता येतो. मात्र टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) चालू असेल तर हा अर्ज चालत नाही.

निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की मागितली तर घाबरून जाऊ नका. बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारा लॅपटॉपचा मूळ प्रोग्राम) अपडेट झालं किंवा मदरबोर्ड बदलला तरी असं होतं. ही की 48 अंकी असते आणि बहुतेकदा मायक्रोसॉफ्ट खात्यातच साठवलेली असते. मोबाइलवर ‘एकेए डॉट एमएस स्लॅश मायरिकव्हरीकी’ (aka.ms/myrecoverykey) उघडा आणि स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली 8 अक्षरं जुळवून पाहा. सापडली नाही? लॅपटॉप घेतला तेव्हा सेटअप कोणी करून दिला होता ते आठवा. भाच्याने स्वतःच्या ईमेलने केला असेल तर की भाच्याच्या खात्यात असणार! कुठेच नसेल तर मायक्रोसॉफ्टही ती देऊ शकत नाही. तेव्हा मात्र फॉरमॅटच.

आता कागदपत्रं. मायक्रोसॉफ्टच्या त्या अर्जाला आधार कार्ड किंवा बिल लागत नाही. खातं तुमचंच आहे हे उत्तरांवरून ठरतं. बिल लागतं ते बायोसचा पासवर्ड काढायला किंवा मॅकचा (अ‍ॅपलच्या लॅपटॉपचा) अ‍ॅक्टिव्हेशन लॉक, म्हणजे मालकाच्या अ‍ॅपल खात्याशी जोडलेलं कुलूप, उघडायला. त्यासाठी सर्व्हिस सेंटरला जाताना खरेदीचं मूळ बिल आणि ओळखपत्र न्या. बिलावरचा सीरियल नंबर लॅपटॉपच्या तळाशी असलेल्या नंबरशी जुळतोय ना, हे घरीच बघा. बिल हरवलं असेल तर दुकानातून प्रत मागा. ऑनलाइन घेतला असेल तर जुन्या ऑर्डरमधून डाउनलोड होतं. अंबड-सातपूरच्या कंपनीने दिलेला लॅपटॉप असेल तर यातलं काहीच करू नका, सरळ आयटी विभागाला फोन लावा.

आणि गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून मिळेल त्या नंबरवर फोन करू नका. समोरचा एनीडेस्क (दुसऱ्याला दुरून तुमची स्क्रीन चालवू देणारं अ‍ॅप) टाकायला सांगेल किंवा अनलॉकचे पैसे मागेल. वर सांगितलेल्या मायक्रोसॉफ्टच्या कुठल्याच पायरीला फी नाही. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.