स्लेयर्स (१९९५ चा चित्रपट)

'स्लेयर्स' हा अद्‌भुतरम्य विनोदी जपानी ॲनिमेपट ५ ऑगस्ट १९९५ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला. लांबी सुमारे ६५ मिनिटे, निर्मिती जे.सी. स्टाफ या स्टुडिओची. हाजिमे कान्झाका यांच्या कथामालेवर तो आधारलेला आहे. लीना इन्व्हर्स आणि नागा या दोन भटक्या जादूगारिणी त्याच्या नायिका आहेत.

कान्झाका यांची ही कथामाला 'ड्रॅगन मॅगझिन' या मासिकातून आली आणि १९९० पासून पुस्तकरूपाने निघू लागली. चित्रे रुई आराइझुमी यांची. मालेचे दोन प्रवाह आहेत. एकात दीर्घ कादंबऱ्या. तिथे लीनाच्या सोबतीला गाउरी हा तलवारबाज असतो. दुसऱ्यात त्याआधीच्या काळातल्या सुट्या, जास्त खट्याळ कथा. तिथे सोबत नागाची. एप्रिल १९९५ मध्ये सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेने पहिला प्रवाह उचलला, चित्रपटाने दुसरा. त्यामुळे एकाच वर्षात प्रेक्षकांना दोन वेगवेगळ्या संगतीतली लीना भेटली, दोन्हीकडे आवाज मात्र मेगुमी हायाशिबारा यांचाच.

लीना वयाने लहान, अंगाने किरकोळ, भूक मात्र राक्षसी. दरोडेखोरांनाच लुटणे हा तिचा आवडता उद्योग. तिचे ठेवणीतले अस्त्र म्हणजे 'ड्रॅगन स्लेव्ह' हा मंत्र. तो सुटला की शत्रूबरोबर आसपासचा मुलूखही सपाट होतो. या मंत्राची शक्ती शाब्रानिग्दू या असुरराजाकडून उसनी घेतलेली असते, म्हणून खुद्द त्याच्यावर तो चालत नाही. मालेतली जादू अशी नियमांनी बांधलेली आहे. गोंधळ कितीही माजला तरी गोष्ट पोकळ वाटत नाही, याचे मोठे श्रेय या शिस्तीला द्यायला हवे.

'श्वेतसर्प' हे बिरुद मिरवणारी नागा स्वतःला लीनाची सर्वांत मोठी प्रतिस्पर्धी म्हणवते. तिचे नाव मराठी कानाला लगेच ओळखीचे वाटते; संस्कृतातला 'नाग' जगभरच्या अद्‌भुतकथांत आणि खेळांत पोचला आहे. नागा दुबळी नाही, पण तिने बोलावलेले प्राणी अनेकदा तिचेच ऐकत नाहीत. मारिया कावामुरा यांनी दिलेले तिचे कर्णकर्कश, लांबत जाणारे हसू ही या पात्राची खरी ओळख. दोघी एकमेकींवर कुरघोडी करतात, पैशांवरून भांडतात, तरी वाट एकच धरतात. त्यांना मैत्रिणी म्हणायचे की नाही हे चित्रपट कुठेच स्पष्ट करत नाही, आणि तेच योग्य आहे.

कथा घडते मिप्रोस बेटावर. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या बेटावर दोघी चैन करायला निघतात. पण लीनाच्या स्वप्नात येणारा एक म्हातारा तिला भलत्याच कामात ओढतो. हा रौडी. तरुणपणी त्याचे मेलिरून या एल्फ मुलीवर प्रेम होते. जॉयरॉक नावाच्या असुराने तिच्या लोकांचा संहार केला आणि रौडी काही करू शकला नाही. ती सल घेऊन तो म्हातारा झाला. आता लीनाला भूतकाळात पाठवून त्याला ते सारे बदलायचे आहे. धांगडधिंगा चाललेला असतानाच त्याचे हे दुःख हळूच पुढे येते आणि चित्रपटाला वजन देते. त्यानंतरच्या हास्यातही ते विसरता येत नाही. रौडीचे कुलनाव गॅब्रिएव्ह आहे, म्हणजे गाउरीचेच. मालिका पाहिलेल्यांना हा दुवा फार भावतो.

पुढे 'रिटर्न' (१९९६), 'ग्रेट' (१९९७) आणि 'गॉर्जियस' (१९९८) हे तीन चित्रपट याच जोडीवर निघाले. 'प्रीमियम' (२००१) मध्ये मात्र गाउरी, झेल्गाडिस, अमेलिया ही मालिकेतली मंडळी आणि नागा एकाच चित्रपटात आली. नागा ही राजकन्या अमेलियाची थोरली बहीण असल्याचे संकेत कथांमध्ये आधीपासून विखुरलेले होते, त्यामुळे चाहत्यांना या चित्रपटाचे अप्रूप अधिक.