बाटाची पार्श्वभूमी: झ्लिनपासून बाटानगरपर्यंत

जूनमध्ये शाळेचे काळे बूट घ्यायला ज्या दुकानात गर्दी होते आणि 9 वर संपणाऱ्या किमतीला ज्याचे नाव चिकटले आहे, तो बाटा मूळचा मोरावियातल्या झ्लिन गावचा. हा भाग आज चेक प्रजासत्ताकात आहे. बाटा घराण्यात पादत्राणे बनवण्याचा धंदा कित्येक पिढ्या चालत आला होता. 1894 मध्ये आंतोनीन, आना आणि टोमाश या भावंडांनी आईकडून आलेल्या 800 गुल्डनच्या भांडवलावर स्वतःचा कारखाना काढला. कामगारांना ठरलेल्या दिवशी आठवड्याचा पगार मिळू लागला. त्या काळच्या मोचीकामात ही नवी गोष्ट होती.

वर्षभरातच कारखाना कर्जात बुडाला. माल उधारीवर उचलला होता आणि विक्रीचा पैसा हाती येण्याआधीच हुंड्यांची मुदत भरत होती. आंतोनीनला सैन्यात बोलावणे आले आणि सारा भार एकोणीस वर्षांच्या टोमाशवर पडला. चामडे घ्यायला पैसा नव्हता, म्हणून त्याने कॅनव्हासचे अप्पर, म्हणजे बुटाचा वरचा भाग, आणि चामड्याचा सोल असा हलका बूट काढला. कापडाचा पोत सगळीकडे सारखा असल्याने थरावर थर रचून एकदम कापता येते. चामड्याचे तसे नाही. प्रत्येक कातड्यावरचे डाग, चरे आणि किड्यांची भोके वेगळ्या जागी असतात, त्यामुळे तुकडा पाहून पाहूनच कापावा लागतो. कॅनव्हासच्या बुटाने कारखाना तारला. हिशेब दर आठवड्याला मांडायची टोमाशची जिद्द याच कर्जातून आली असावी, असे त्याचे पुढचे निर्णय पाहून वाटते.

1904 मध्ये तो तीन कामगारांना घेऊन अमेरिकेला गेला आणि मॅसॅच्युसेट्समधल्या लिन या बुटांच्या शहरात साधा कामगार म्हणून राबला. परत आल्यावर त्याने तिथल्या धर्तीवर बहुमजली इमारत उभारली. 1908 मध्ये आंतोनीन क्षयाने गेला. पहिल्या महायुद्धात लष्करी बुटांच्या मागणीने कारखाना फोफावला, पण युद्धानंतर खरी परीक्षा आली. चेकोस्लोव्हाकियाचे चलन क्राउन झपाट्याने वधारले, निर्यातीचा माल परदेशात महागला आणि गोदामे तुंबली. 1 सप्टेंबर 1922 रोजी बाटाने बुटांच्या किमती निम्म्यावर आणल्या. जाहिरातीत ‘महागाई’ या शब्दावर आदळणारी मूठ होती. कामगारांची मजुरी 40 टक्क्यांनी कापली आणि त्या बदल्यात कंपनीने धान्य व कपडे अर्ध्या भावात दिले. साठा संपला आणि त्यातून हाती आलेल्या रोख पैशातून स्वस्त झालेला कच्चा माल घेता आला. बाकीचे कारखानदार जुन्या भावाला धरून बसले होते.

1924 पासून सुरू झालेली कार्यशाळांची स्वायत्तता ही या कारखान्याची सर्वांत मोलाची गोष्ट. ती समजायला आधी बूट कसा बनतो ते पाहावे लागते. पहिले काम कटाईचे. पाठीचे चामडे घट्ट, पोटाकडचे सैल आणि ताणणारे. बोटांवरचा भाग पाठीतून काढायचा. पोटाचा तुकडा तिथे लावला तर बूट थोड्याच दिवसांत पसरतो. डाव्या-उजव्या पायाचे तुकडे शेजारशेजारून घ्यायचे, नाहीतर जोडीत रंगाचा फरक दिसतो. मग कडा रांपीने (चांभाराच्या सुरीने) किंवा यंत्राने पातळ करायच्या. त्या जाड राहिल्या तर शिवण उठून दिसते आणि पायाला टोचते. अप्पर शिवून झाले की फर्म्यावर (पायाच्या आकाराच्या साच्यावर) सुखतळा, म्हणजे आतला तळ, बसवून अप्पर त्याच्यावर ताणायचे. ताण तिरका गेला तर मागची शिवण वाकडी येते. फर्मा घाईने काढला तर बूट आकार धरत नाही आणि सुरकुततो. सोल आणि टाच त्यानंतर.

यातली बहुतेक चूक पुढच्या टप्प्यावर उघडी पडते. म्हणून बाटाने प्रत्येक कार्यशाळेला स्वतःचे खाते दिले. शिलाईची कार्यशाळा कटाईकडून तुकडे ठरलेल्या भावाने विकत घेई आणि शिवलेले अप्पर पुढे विके. सदोष माल घेतला तर तोटा घेणाऱ्याच्या खात्यावर, त्यामुळे तपासणी प्रत्येक दारातच होई. नफा-तोटा दर आठवड्याला मांडला जाई. नफ्यात वाटा असणाऱ्यांना त्यातला अर्धा रोख मिळे आणि अर्धा 10 टक्के व्याजाने कंपनीतच राही. ही व्यवस्था हुशारीची होती, तशीच कठोरही. कामाचा रेटा प्रचंड होता आणि कामगार संघटनांना झ्लिनमध्ये थारा नव्हता. ही बाजू वगळून बाटाचे कौतुक करणे अन्यायाचे होईल.

इमारतीही याच शिस्तीच्या: काँक्रीटचे खांब 6.15 मीटर अंतरावर, मधे विटा आणि मोठ्या खिडक्या. कारखाना, शाळा, दवाखाना, सगळे त्याच मापात.

12 जुलै 1932 रोजी धुक्यात विमान कोसळून टोमाश गेला आणि त्याचा सावत्र भाऊ यान मालक झाला. हिंदुस्थानशी संबंध कातडी आणि रबराच्या खरेदीतून आला होता. 1931 मध्ये इथे कंपनी नोंदली गेली. कोलकात्याजवळ कोन्नगरला भाड्याच्या जागेत काम सुरू झाले आणि 1934 मध्ये हुगळीकाठी बाटानगर उभे राहू लागले. कारखान्याला लागून कामगारांची वसाहत, हा आराखडा झ्लिनचाच.

घर मात्र फुटले. युद्धाच्या तोंडावर टोमाशचा मुलगा कॅनडाला गेला आणि यान अमेरिकेमार्गे ब्राझीलला. 1945 मध्ये झ्लिनचा कारखाना सरकारजमा झाला. परदेशी कंपन्यांचे भाग कोणाचे, यावर काका-पुतण्यात वर्षानुवर्षे खटले चालले आणि बहुतेक सूत्रे अखेर पुतण्याकडे गेली. भारतातली कंपनी 1973 मध्ये सार्वजनिक झाली आणि बाटा इंडिया लिमिटेड या नावाने भागबाजारात आली. युद्धकाळात नाझीविरोधी लढ्याला साथ न दिल्याचा ठपका यानवर 1947 मध्ये बसला होता. प्रागच्या न्यायालयाने तो 2007 मध्ये पुसला, तेव्हा यानला जाऊन 42 वर्षे झाली होती.