आधी सैनिक, मग नियम

दिवाळीच्या किल्ल्यावर आपण जी चित्रं ठेवतो, ती मांडायची असतात. बुरुजावर मावळा, पायथ्याशी गवळण, वर सिंहासनावर महाराज. मांडून झाली की दोन पावलं मागे सरकून बघायचं, शेजारच्या आळीतला किल्ला कसा झालाय ते बघून यायचं, आणि संपलं. मावळा किती बोटं पुढे सरकेल, त्याचा नेम लागला की नाही हे कसं ठरवायचं, असले नियम निदान आमच्या आळीत तरी कुणी केले नव्हते.

युरोपात अशाच मांडायच्या सैनिकांना नियम मिळाले. पुढे त्या सैनिकांचे ऑर्क-गॉब्लिन असे राक्षस, एल्फ आणि ड्रॅगन झाले. आज जगभर हजारो मोठी माणसं भिंगाखाली अंगठ्याएवढ्या गॉब्लिनच्या डोळ्यांत बुबुळं काढत बसतात आणि शनिवारी तीच फौज टेबलावर मांडून फासे टाकतात. याला ‘फँटसी मिनिएचर वॉरगेमिंग’ म्हणतात. बरेच जण नुसतं ‘वॉरहॅमर’ म्हणतात, जसं वनस्पती तुपाला डालडा. हा छंद इथवर कसा आला ते बघताना एक गोष्ट वारंवार समोर येते. सैनिक आधी तयार होते, त्यांचं काय करायचं हे नंतर ठरलं.

याला एक अपवाद आहे आणि तो अगदी सुरुवातीचाच. प्रशियाच्या लष्करी अधिकाऱ्यांचा ‘क्रीगस्पील’ हा खेळ सैनिकांच्या बाहुल्यांतून आलेला नाही, तो बुद्धिबळातून आला. त्याचं मूळ धरून मागे गेलं तर हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ अशा चार अंगांच्या आपल्या चतुरंगापाशी पोचतो. १७८० मध्ये ब्रून्सविकच्या योहान हेल्विगने बुद्धिबळाचा पट ताणून दीड हजारांहून अधिक घरांचा केला. त्यात नद्या, डोंगर, गावं घातली आणि तोफखाना आणला. पुढे फॉन राइसविट्झ या बापलेकांनी घरंच काढून टाकली. बापाने १८१२ मध्ये राजासाठी हलवता येणाऱ्या भूभागाचं एक टेबल बनवलं. मुलाने १८२४ मध्ये खऱ्या नकाशावर खेळायचे नियम छापले, त्यात फासे होते आणि निवाडा द्यायला पंच होता. प्रशियाच्या जनरल स्टाफचा प्रमुख फॉन म्युफलिंग ते पाहून खूश झाला आणि हा खेळ नसून युद्धाचं शिक्षण आहे, अशी त्याने शिफारस केली. त्या नकाशावर सरकायचे ते साधे ठोकळे. त्यांना चेहरा नव्हता, त्यामुळे रंगवण्याचा प्रश्नच आला नाही.

चेहरे होते ते मुलांच्या खोलीत. अठराव्या शतकात न्यूरेंबर्गमध्ये कथलाचे चपटे सैनिक ओतले जात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्याच हाइनरिक्सन या कारखानदाराने ३० मिलिमीटर उंची धरली आणि बाकीच्यांनीही ती उचलली. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने वेगळी युक्ती काढली. साच्यात वितळलेलं शिसं ओतायचं, बाहेरचा पापुद्रा धरला की आतलं शिसं परत ओतून घ्यायचं. आतून पोकळ सैनिक तयार. धातू कमी लागला, किंमत उतरली, जर्मन मालाला टक्कर मिळाली आणि इंग्लंडातल्या मध्यमवर्गीय घरांत शिपायांच्या पलटणी शिरल्या.

मोठ्यांनाही हे सैनिक सापडले होते. ‘ट्रेझर आयलंड’चा लेखक स्टीव्हन्सन १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला दावोसला हवापालटासाठी राहिला होता, तेव्हा सावत्र मुलाबरोबर माळ्यावर अशीच युद्धं लढायचा. पण नियम लोकांच्या हाती दिले ते एच. जी. वेल्सने. त्याचं ‘लिटल वॉर्स’ १९१३ मध्ये आलं. वेल्सच्या युद्धात फासे नाहीत. स्प्रिंगवर चालणारी खेळण्यातली तोफ खरोखर झाडायची आणि जो सैनिक पडेल तो मेला. पायदळाने एका चालीत एक फूट जायचं, घोडदळाने दोन. आजही या खेळात अंतर बहुतेक वेळा फूट-इंचांतच मोजतात, मेट्रिक वापरणाऱ्या अनेक देशांतसुद्धा. वेल्सला युद्धाचं प्रेम नव्हतं. खोटी लढाई चार वेळा लढून बघा म्हणजे खरी किती अडाणीपणाची असते ते कळेल, असा त्याचा सूर होता. पुढच्याच वर्षी खरी सुरू झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा प्रौढांचा छंद म्हणून पुन्हा उभा राहिला. कॅलिफोर्नियात जॅक स्क्रूबी स्वतः सैनिक ओतून विकायचा. १९५७ मध्ये त्याने ‘वॉर गेम डायजेस्ट’ नावाचं नियतकालिक काढलं. इंग्लंडात साउदॅम्प्टनच्या डोनाल्ड फेदरस्टोनने १९६२ मध्ये ‘वॉर गेम्स’ लिहिलं आणि एअरफिक्सच्या स्वस्त प्लास्टिक सैनिकांनी शाळकरी मुलांनाही फौज परवडू लागली. या मंडळींचा ओढा इतिहासाकडे होता. वॉटर्लू तर खेळलीच जाते, पण आपल्या जालना जिल्ह्यातली १८०३ची असईची लढाईही ब्रिटिश खेळाडू आवडीने मांडतात. पुढे वॉटर्लू जिंकणारा वेलस्लीच तिथे ब्रिटिशांचा सेनापती होता, म्हणून ती त्यांना जवळची वाटते.

इतिहासात एक अडचण असते. कोटाची बटणं पितळी की पांढरी यावर दोन सज्जन माणसं अख्खी संध्याकाळ भांडू शकतात. अशांना छंदातच ‘बटण मोजणारे’ म्हणतात. ऑर्कच्या कातड्याचा हिरवा चुकीचा आहे, असं कोण कुणाला सांगणार? कल्पित फौजेने रंगवणाऱ्याला दिलेली ही सूट मला फार महत्त्वाची वाटते.

कल्पित जग टेबलावर हळूच आलं. इंग्लंडात टोनी बाथने प्राचीन काळातल्या फौजांसाठी कॉनन या रानटी वीराच्या कथांतलं हायबोरिया हे जग उसनं घेतलं, तिथे राज्यं वसवली आणि ती मोहीम वर्षानुवर्षं चालवली. नकाशा काल्पनिक असला तरी सैनिक इतिहासातलेच होते. १९६५ मध्ये अमेरिकेत टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीच्या स्वस्त कागदी आवृत्त्या निघाल्या आणि कॉलेजातल्या पोरांना एल्फ-ड्वार्फांनी वेड लावलं. १९७१ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावच्या गॅरी गायगॅक्सने जेफ पेरेनबरोबर ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियम काढले आणि शेवटी एक कल्पित पुरवणी जोडली. त्यातला जादूगार गंमतशीर आहे. त्याच्या अग्निगोलाचा मारा दगडफेकी यंत्राएवढा आणि विजेचा लोळ मैदानी तोफेएवढा. म्हणजे नियम तोफखान्याचेच, वरून दाढी आणि टोकदार टोपी चढवलेली.

राक्षसांच्या बाहुल्या मात्र बाजारात जवळजवळ नव्हत्या. हाँगकाँगहून येणाऱ्या स्वस्त प्लास्टिकच्या ‘प्रागैतिहासिक प्राण्यां’च्या पाकिटात काही चमत्कारिक, कुठल्याच डायनासोरसारखे न दिसणारे प्राणी असत. गायगॅक्सने ते टेबलावर आणले आणि त्यांना नावं आणि गुण चिकटवले. लोखंड खाणारा ‘रस्ट मॉन्स्टर’ आणि घुबडाच्या तोंडाचं अस्वल असे जन्मले. पन्नास वर्षांनंतरही ते ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या रोलप्लेइंग खेळाच्या, म्हणजे जिथे प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका करतो त्या खेळाच्या, पुस्तकांत आहेत. एका खेळण्याच्या कारखान्यातल्या साचे करणाऱ्याने गमतीत काहीतरी घडवलं आणि त्याचा पुढे पुराणपुरुष झाला.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आलं आणि फौजच गेली. आता प्रत्येकाकडे एकच वीर. तो वीर आणि सोबत पाच-दहा राक्षस एवढ्या बाहुल्यांत महिनोन्महिने भागतं. गिऱ्हाईक वाढलं होतं, पण सैनिक ओतणाऱ्याच्या दृष्टीने ही काही चांगली बातमी नव्हती.

लंडनमध्ये १९७५ मध्ये जॉन पीक, इयन लिव्हिंगस्टन आणि स्टीव्ह जॅक्सन या तीन मित्रांनी ‘गेम्स वर्कशॉप’ सुरू केलं, तेही एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये. आधी ते लाकडी पट-खेळ बनवत. मग त्यांना ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ युरोपात विकण्याचे हक्क मिळाले. १९७७ मध्ये ‘व्हाइट ड्वार्फ’ हे मासिक निघालं, १९७८ मध्ये हॅमरस्मिथला दुकान उघडलं. दशक संपता संपता त्यांनी ब्रायन अ‍ॅन्सेलला बरोबर घेऊन नेवार्क गावी ‘सिटाडेल मिनिएचर्स’ हा ओतकामाचा कारखाना काढला. अ‍ॅन्सेलचं गणित सरळ होतं. गिऱ्हाइकाने एक वीर न घेता साठ गॉब्लिन घ्यायला हवेत, आणि त्यासाठी साठ गॉब्लिन लागतील असा खेळ हवा.

तो खेळ म्हणजे ‘वॉरहॅमर’, १९८३. अ‍ॅन्सेल, रिचर्ड हॅलिवेल आणि रिक प्रीस्टली यांचा. खोक्यावर ‘मास कॉम्बॅट फँटसी रोलप्लेइंग गेम’ असं लिहिलेलं होतं, म्हणजे दोन्ही डगरींवर हात. व्यवहारात मात्र ती रांगांची लढाई होती. सैनिक चौकोनी तळावर उभे, तळाला तळ भिडवून पलटण करायची, अख्खी पलटण एकदम वळवायची. साधे सहा बाजूंचे फासे: आधी वार लागला का, मग जखम झाली का, शेवटी चिलखताने वाचवलं का. कुणी याला निव्वळ धंद्याची क्लृप्ती म्हणेल. होतीच. पण नियम लिहिणारी माणसं स्वतः खेळवेडी होती. प्रीस्टली आणि हॅलिवेल यांनी १९७८ मध्येच ‘रीपर’ नावाचे असे नियम छापले होते. क्लृप्ती टिकली ती या वेडामुळे. १९८७ मध्ये प्रीस्टलीने हेच जग अंतराळात नेलं आणि ‘वॉरहॅमर ४०,०००’ झालं. ते आज मूळ खेळापेक्षा कितीतरी मोठं आहे. कंपनीचा कारभार तोवर नॉटिंगहॅमला गेला होता. तिथून फुटून निघालेल्या कारागिरांनी आजूबाजूला इतक्या कंपन्या काढल्या की त्या टापूला ‘लेड बेल्ट’, म्हणजे शिशाचा पट्टा, असं टोपणनाव पडलं.

आता रंगाकडे. माझ्या मते हा या छंदाचा अर्धा नव्हे, पाऊण भाग आहे.

२८ मिलिमीटरच्या सैनिकाचं डोकं आणि पंजे अंगाच्या मानाने मोठे असतात, तलवारी फळीएवढ्या रुंद. मूर्तिकाराला शरीरशास्त्र येत नाही असं नाही. धातूचा सैनिक रबराच्या गोल साच्यात ओततात. साचा गरगर फिरवला की धातू कडेच्या पोकळ्यांत पोचतो. काडीसारखा भाला असला तर धातू टोकापर्यंत जाणार नाही, आणि गेलाच तर भाला हातात घेताच वाकेल. शिवाय तीन फुटांवरून चेहरा ओळखू आला पाहिजे. म्हणून सगळं जाड.

उजेडाचंही तेच. खऱ्या माणसाच्या झग्याच्या घडीत सावली पडते. बोटभर बाहुलीच्या घडीत डोळ्याला जाणवेल एवढी सावली पडत नाही, म्हणून ती रंगवावी लागते. आधी प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, त्यावर सपाट रंग. मग ‘वॉश’ म्हणजे पाण्यासारखा पातळ गडद रंग, जो आपोआप खाचांत उतरतो. मग ‘ड्रायब्रश’: ब्रशवरचा रंग जवळजवळ सगळा कागदावर पुसून टाकायचा आणि उरलेला नुसता उंचवट्यांवरून घासायचा. आळशांनी त्यातही वाट काढली. अख्खा सैनिक लाकडाच्या रंगीत पॉलिशात बुडवून झटकायचा. दिसतो बरा.

जुन्या काळी एनॅमल रंग आणि टर्पेंटाइनचा वास होता. मग पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक आले आणि छंद स्वयंपाकघरातल्या टेबलावर चालू लागला. ‘व्हाइट ड्वार्फ’मध्ये ‘एव्ही मेटल’ या सदरात कंपनीच्या कसलेल्या चित्रकारांचं काम रंगीत छापून येई. १९८७ मध्ये ‘गोल्डन डेमन’ ही रंगकामाची स्पर्धा सुरू झाली. आता फासे न टाकताही या छंदात मोठं होता येत होतं. त्या छायाचित्रांनी लोकांना शिकवलं खरं, पण अनेकांना घाबरवलंही. आपला सैनिक तसा दिसत नाही म्हणून तो खोक्यातच राहू लागला. अशा न रंगवलेल्या साठ्याला छंदात ‘पाइल ऑफ शेम’ म्हणतात. तो बहुतेकांकडे असतो आणि त्याच्याबद्दल सगळे जरा अभिमानानेच बोलतात. २०१९ मध्ये एकाच हातात रंग आणि सावली दोन्ही देणारे ‘कॉन्ट्रास्ट’ रंग निघाले, ते या ढिगाकडे बघूनच. २०२० च्या ‘४०,०००’ नियमांत तर पूर्ण रंगवलेल्या फौजेला शंभरातले दहा गुण नुसते रंगाचे मिळू लागले. करड्या प्लास्टिकची फौज घेऊन येणारा चिडला, पण चडफडत ब्रश हातात घेतला.

दरम्यान शिसं मागे पडलं होतं. नव्वदच्या दशकात त्याच्या विषारीपणाचा बोभाटा झाला, न्यूयॉर्क राज्यात कायद्याची टांगती तलवार आली आणि कारखाने शिसं नसलेल्या मिश्रधातूकडे वळले. खरी बाजी प्लास्टिकने मारली. त्याचा पोलादी साचा भयंकर महाग, पण एकदा केला की माल पाण्यासारखा स्वस्त निघतो. म्हणजे पुन्हा तेच: साच्याचा खर्च निघायचा तर लोकांनी पलटणीच्या पलटणी घ्यायला हव्यात.

२०१५ मध्ये गेम्स वर्कशॉपने तीस वर्षांचं जुनं वॉरहॅमरचं जग कथेतच नष्ट करून टाकलं आणि ‘एज ऑफ सिग्मार’ आणलं. नियम चार पानांचे आणि फुकट. फौजा समसमान करण्यासाठी लागणारी गुणांची यादी नाही. एका जुन्या सरदाराच्या नियमात तर तुमची मिशी समोरच्यापेक्षा झुपकेदार असेल तर फासे पुन्हा टाकायची मुभा होती. जुनी मंडळी हसली नाहीत. एकाने आपली अख्खी फौज जाळून तिचा व्हिडिओ टाकला. वर्षभरात गुणांची यादी परत आली आणि खेळ सावरला. चौकोनी तळ मात्र गेला. रांगा उरल्या नव्हत्या, प्रत्येक सैनिक सुटा चालत होता, त्याला गोल तळ. जुन्या फौजा असलेल्यांनी पटाशीने चौकोन उपटून शेकडो पायांखाली गोल चकत्या चिकटवल्या.

जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने जुनं जग परत आणलं. रांगा परत आल्या, चौकोनी तळही परत आला, फक्त काही सैनिकांसाठी तो पूर्वीपेक्षा पाच मिलिमीटरने मोठा आहे. पटाशी पुन्हा बाहेर निघाली आहे.