पार्श्वभूमी : बिनसाखरेची गोडी आपल्या चुलीपर्यंत कशी आली

पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे विदर्भात बैलाच्या तोंडी पुरणपोळीचा घास गेल्याशिवाय घरातलं कोणी पानावर बसत नाही. आमची पोळी म्हणजे वरचं आवरण नावापुरतं, आत मूठभर पुरण आणि वरून तुपाची धार. गेल्या काही वर्षांपासून याच पंगतीत हमखास एक जण तरी विचारतो, "मले शुगर हाय ना बाई, माह्यासाठी त्या पावडरीची केली का?"

ती पावडर म्हणजे साखरेऐवजी घालायची गोडी. ती कोणती, कुठून आली आणि तिनं खरंच काय साधतं, हे नीट सांगणारं गावात फारसं कोणी भेटत नाही. म्हणून हे लिहिते आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. त्यानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा शहरातला आजार म्हणावा, तर ग्रामीण भागातही प्रमाण ८.९ टक्के निघालं. सणाच्या पंगतीला शंभर पानं मांडली तर आठ-नऊ पानं शुगरवाल्यांची, असा याचा हिशेब.

आधी आपल्या घरातल्या गोडाबद्दल. विदर्भ हा कापसाचा, तुरीचा, ज्वारीचा मुलूख. ऊस आणि कारखाने इथे मोजकेच. गोड म्हणजे मुख्यतः गूळ. पांढरी साखर घरोघरी रुळली ती चहामुळे आणि रेशनमुळे. रेशनच्या दुकानाला आमच्याकडे आजही 'कंट्रोल' म्हणतात, आणि कंट्रोलची साखर आली की डबा घेऊन रांगेत उभं राहिल्याची आठवण पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक बाईला आहे. साखर तोलून मिळायची म्हणून ती जपून वापरली जायची. नंतर ती किराणा दुकानात हवी तेवढी मिळू लागली. गोड सणापुरतं उरलं नाही, ते दिवसातून चार कप चहातून पोटात जाऊ लागलं.

शुगर निघाली की पहिला सल्ला मिळतो तो गुळाचा. 'साखर सोड, गूळ चालते.' हा सल्ला देणारे बहुतेक वेळा आयुर्वेदाचा हवाला देतात, म्हणून मुद्दाम सांगते. चरकसंहितेत प्रमेहाची, म्हणजे मधुमेह ज्यात येतो त्या आजारांची, कारणं दिली आहेत. बसून राहण्याचं सुख, झोपेचं सुख, दही, दूध, नवं धान्य यांच्याच ओळीत 'गुडवैकृत' असा शब्द आहे, म्हणजे गूळ आणि गुळाचे पदार्थ. जुन्या वैद्यांनी गुळाला या आजारात मोकळीक दिली नव्हती, पथ्यात त्यांचा भर जवावर होता. आजच्या भाषेत सांगायचं तर गुळात लोह आणि इतर क्षार थोडे असतात, पण त्याचा बहुतांश भाग साखरच असतो. मधाचं तेच. पूर्व विदर्भातल्या मोहफुलाचं तर विचारूच नका. वाळलेल्या मोहफुलात निम्मा भाग साखरेचा असतो, म्हणून तर ते इतकं छान आंबतं. मोहफुलाचे लाडू उत्तमच लागतात, पण शुगरवाल्याला 'रानातलं आहे, चालेल' म्हणून देऊ नयेत.

आता साखरेच्या पर्यायांकडे. यातला सगळ्यात जुना सॅकरिन. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आयरा रेमसन यांच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टंटिन फालबर्ग डांबरापासून निघणाऱ्या रसायनांवर काम करत होते. १८७९ मध्ये एक दिवस जेवताना त्यांना हातातली भाकरी गोड लागली. गोडी भाकरीत नव्हती, न धुतलेल्या हातांवर होती. साखरेच्या तीनशे-चारशे पट गोड असा पदार्थ असा हाती लागला. युरोपात बीटापासून साखर करणाऱ्यांना तो नको होता. जर्मनीने १९०२ मध्ये कायदा करून तो औषधाच्या दुकानापुरता ठेवला. पुढे पहिल्या महायुद्धात साखर मिळेनाशी झाली, तेव्हा तोच लोकांच्या उपयोगी पडला. १९७७ मध्ये उंदरांच्या मूत्राशयात गाठी दिसल्याने अमेरिकेत त्यावर बंदीची भाषा झाली आणि डब्यावर इशारा छापला जाऊ लागला. उंदरात घडतं ते माणसात तसं घडत नाही हे कळल्यावर २००० मध्ये तो इशारा काढला गेला. 'सॅकरिन म्हणजे विष' ही आपल्याकडची बोली त्या काळाची आहे.

नंतरचे दोन शोधही असेच चुकून लागलेले. जेम्स श्लॅटर यांनी १९६५ मध्ये अल्सरच्या औषधावर काम करताना कागद उचलायला बोट चाटलं आणि ॲस्पार्टेम सापडलं. १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस हे भारतीय संशोधक साखरेवर क्लोरीनची प्रक्रिया करत होते. वरिष्ठांनी पदार्थ 'टेस्ट' करायला, म्हणजे तपासायला सांगितला. फडणीसांनी 'टेस्ट'चा अर्थ चव घेणं असा लावला आणि जिभेवर ठेवला. साखरेच्या सहाशे पट गोड असा सुक्रालोज तो. आज मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कितीतरी गोळ्यांमागे ही ऐकण्यातली गफलत आहे.

स्टीव्हियाची गोष्ट वेगळी आहे, कारण तो प्रयोगशाळेत सापडलेला नाही. दक्षिण अमेरिकेतल्या पॅराग्वेचे ग्वारानी आदिवासी त्या झुडपाची पानं पिढ्यान्‌पिढ्या पेयात टाकत आले. मोइझेस बेर्तोनी या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये त्याची नोंद केली, १९३१ मध्ये फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी त्यातला गोड घटक वेगळा काढला आणि १९७० च्या दशकात जपानने तो बाजारात आणला. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याला २०१५ मध्ये परवानगी दिली. त्याआधी २०११ च्या नियमांतच इतर कृत्रिम गोडी कोणत्या मिठायांत चालेल ते ठरलं होतं, आणि त्या यादीत हलवा, बुंदीचे लाडू, जिलेबी, खवा बर्फी, पेढा, गुलाबजाम अशी आपलीच नावं आहेत. तालुक्याच्या मिठाईच्या दुकानात 'शुगर फ्री' पाटीचा वेगळा ट्रे दिसतो, त्याला ही वाट मोकळी होती.

घरात मात्र या वाटेवर ठेच लागते, आणि ती मला लागली आहे. सासूबाईंना साठीत शुगर निघाली. त्या वर्षी मी मेडिकलमधून गोळ्या आणल्या आणि शेवयांची खीर करताना दुधाबरोबरच टाकल्या. खीर चांगली पंधरा-वीस मिनिटं रटरटली. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "साखर टाकाले इसरली का व?" गोळ्या ॲस्पार्टेमच्या होत्या, आणि ॲस्पार्टेम फार वेळ उकळलं की मोडतं, गोडी जाते. ते खाली उतरवून कोमट झाल्यावर घालायचं असतं. सुक्रालोज आणि स्टीव्हिया आचेवर टिकतात. हे पाकिटावर इतक्या बारीक अक्षरात छापलेलं असतं की चष्मा लावूनही वाचवत नाही.

पुढच्या संक्रांतीला एरिथ्रिटॉल आणलं. हे साखरेसारखं दाणेदार असतं. जॉन स्टेनहाउस या स्कॉटिश रसायनतज्ज्ञाला ते १८४८ मध्येच सापडलं होतं, पण खाण्यात आलं फार उशिरा. गोडी साखरेच्या साठ-सत्तर टक्के, आणि रक्तातली साखर जवळजवळ हलवत नाही. मला वाटलं, झालं काम. तिळाच्या लाडवासाठी पाक करायला घेतला. पातेल्यात ते पाण्यासारखं विरघळलं, पण तार काही येईना. ताटात थेंब टाकून बघितला, तो थंड होताच पुन्हा दाणे झाला. लाडू वळले ते हातातच फुटले, आणि उरलेला चुरा तोंडात टाकला तर पेपरमिंटसारखा गारवा. दाणा विरघळताना जिभेची उष्णता ओढून घेतो, म्हणून तो गारवा.

आपल्या पदार्थात साखर नुसती गोडी देत नाही. ती तार धरते, लाडू बांधते, भाजताना रंग आणते, पाणी धरून ठेवते म्हणून बर्फी टिकते. एक वाटी साखर काढली तर एक वाटी वजनही जातं, आणि स्टीव्हियाची चिमूट ती जागा भरत नाही. म्हणून उत्पादक त्यात माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज मिसळतात. ते पुन्हा साखरेचेच भाऊबंद. विकतच्या 'शुगर फ्री' मिठाईत नि चॉकलेटात अनेकदा माल्टिटॉल असतं. ते रक्तातली साखर थोडी वाढवतंच आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडवतं.

दुसरा धागा कमी कर्बोदकांच्या, म्हणजे धान्य-पीठ-साखर कमी असलेल्या, जेवणाचा, आणि तो साखरेच्या पर्यायांहून जुना आहे. ब्रिटिश लष्करी डॉक्टर जॉन रोलो यांनी मधुमेहाच्या रुग्णाला धान्य कमी करून मुख्यतः मांसाचा आहार दिल्याचं १७९७ मध्ये लिहिलं. पॅरिसच्या अपोलिनेर बुशार्दा यांनी पिठातला स्टार्च धुऊन उरलेल्या ग्लुटेनचा पाव रुग्णांसाठी काढला. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिनचा, म्हणजे रक्तातली साखर उतरवणाऱ्या द्रव्याचा, शोध लागला आणि इतक्या कडक पथ्याची सक्ती सैल झाली. १९७२ मध्ये अमेरिकेत डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या पुस्तकामुळे ते पुन्हा लोकांपुढे आलं. आपल्याकडे हा विषय घरोघरी नेला तो इन्सुलिनवरच्या चर्चेने. प्रत्येक खाण्याला शरीर इन्सुलिन सोडतं, म्हणून काटोल भागातले डॉ. श्रीकांत जिचकार दिवसातून दोनदाच जेवण्याचं सांगायचे. २००४ मध्ये ते अपघातात गेले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो विचार महाराष्ट्रभर नेला. आमच्या गावात सकाळचा गोड चहा सोडलेली माणसं आहेत, ती त्यामुळेच.

हे दोन धागे एकत्र आले ते मोबाइलवरच्या रेसिपींत: बदामाचं पीठ, क्रीम चीज, एरिथ्रिटॉल. बदामाचं पीठ आमच्या बाजारात मिळत नाही, आणि बदाम आणून दळायचे म्हटलं तर एका केकच्या पैशात महिन्याचं तेल येतं. मग बायका त्यातलं सोपं तेवढं उचलतात: कणीक तीच, डाळ तीच, फक्त गुळाऐवजी पावडर. इथेच फसगत होते. शंभर ग्रॅम हरभरा डाळीत तंतू धरून साठेक ग्रॅम कर्बोदकं असतात, कणकेत सत्तरच्या वर. पुरणात डाळ आणि गूळ सारखे घेतले असतील तर गूळ काढल्याने पुरणातल्या कर्बोदकांचा अर्ध्याहून जास्त भार उतरतो, हे खरं आहे आणि मोलाचं आहे. पण उरलेला भार डाळ आणि आवरण आणतात. 'बिनसाखरेची आहे' म्हणून चार पोळ्या खाल्ल्या तर दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट तेच सांगतो.

बदामाची जागा घेणारं आपल्याच शेतात आहे, याचं मला फार वाटतं. शंभर ग्रॅम जवसात एकोणतीस ग्रॅम कर्बोदकं असतात, आणि त्यातले सत्तावीस ग्रॅम नुसते तंतू, जे रक्तातली साखर वाढवत नाहीत. जवस विदर्भाचं जुनं पीक. आम्ही त्याची चटणी करतो, लाडू करतो, आणि रेसिपी मात्र बदामाची शोधतो. तीळ, शेंगदाणे, सुकं खोबरंही याच रांगेतले. शेंगदाणे भाजून तेल सुटेपर्यंत कुटले, त्यात भाजलेल्या जवसाची पूड, वेलची आणि मिक्सरमधून पिठासारखं फिरवलेलं एरिथ्रिटॉल घातलं, की पाकाशिवाय लाडू वळतो. दाण्याचं तेलच त्याला बांधतं. पूड केल्याने गारवाही कमी लागतो.

ज्या पदार्थात साखरेला गोडीशिवाय दुसरं काम नाही, तिथे पर्याय बेलाशक चालतो. श्रीखंड तसंच. चक्का मुळात घट्ट, आणि थंड खायचा असल्याने तो गारवा कळतच नाही. माझ्या घरी सगळ्यात जमलेला पदार्थ मात्र खरवस. शेजाऱ्यांची म्हैस व्याली की दुसऱ्या दिवशी तांब्याभर चीक येतो. चीक वाफेवर घट्ट होतो तो त्यातल्या प्रथिनांमुळे, गुळामुळे नाही. त्यात नेहमीच्या दुधाहून दुधातली साखरही कमी. स्टीव्हियाचे चार थेंब, वेलची, जायफळ घालून डबा वाफवला, की सुरीने कापावा असा खरवस होतो. सासूबाईंनी तो खाल्ला तेव्हा काही विचारलं नाही, दुसरी वडी मागितली.

सावधगिरीचं दोन शब्दांत सांगते. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन कमी करायला साखरेचे पर्याय वापरू नयेत असं सुचवलं. ही सूचना आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती. त्याच वर्षी हृदयविकाराचा धोका असलेल्या लोकांच्या एका अभ्यासात, रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असणाऱ्यांना हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात जास्त आल्याचं दिसलं. त्यातून कारण सिद्ध होत नाही, पण हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून घ्यावं. झायलिटॉल या एरिथ्रिटॉलच्याच जातीच्या गोडीचं पाकीट आणलं असेल तर त्याच्या पदार्थाचा उरलेला तुकडा दारातल्या कुत्र्याला टाकू नये. कुत्र्यांना ते थोडंही घातक ठरतं.

आणि घरात कोणी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर खऱ्या साखरेचा एक लहान डबा हाताशी ठेवावा. हातपाय थरथरले, घाम फुटला, माणूस असंबद्ध बोलू लागला, की साखर उतरलेली असते. त्या वेळी ती पावडर काही कामाची नाही. शुद्धीवर असेल तर दोन-तीन चमचे खरी साखर पाण्यात विरघळून पाजावी लागते. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठायचा. आमच्याकडे तो डबा चहाच्या डब्यामागे असतो, आणि तो कुठे आहे हे नातवालाही माहीत आहे.